दहा मिनिटं बाळ कोण धरेल? : परदेशात बाळ वाढवलेल्या नाशिककरांचे अनुभव

गेल्या आठवड्यात लेकीचं बोरन्हाण केलं, आईच्या कॉलेज रोडच्या घरी, गच्चीवर. गल्लीतली आठ-नऊ पोरं जमली होती, त्यातली चार बाहेरच्या देशात जन्मलेली. डिसेंबर-जानेवारीत आमच्या गल्लीत असंच असतं, निम्मी घरं पाहुण्यांनी भरलेली. पोरं चुरमुरे आणि बोरं वेचत होती आणि आम्ही आयाबाया कोपऱ्यात एकमेकींना एकच प्रश्न विचारत होतो : "तुझ्याकडे कोण आलं होतं?" बाळंतपणाला कोण आलं, किती दिवस राहिलं, आणि ते गेल्यावर तू काय केलंस. तिथंच ठरलं की हे लिहून काढू. अट एकच. उपदेश नको, घडलं ते लिहा. बाबांनीही लिहा, आजी-आजोबांनी तर नक्की.

सुरुवात मी करते.

आइंडहोवन. माहेर कॉलेज रोड.

नेदरलँड्समध्ये सगळं सुरळीत असेल तर बाळंतिणीला काही तासांत घरी पाठवतात. माझी मुलगी पहाटे झाली आणि दुपारी आम्ही घरी. आईला फोन केला तर ती म्हणाली, "हाकललं का गं तुम्हाला?"

हाकललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक बाई सायकलवरून हजर. या सेवेला तिथे क्रामझोर्ख म्हणतात. साधारण आठ दिवस रोज काही तास प्रशिक्षित बाई घरी येते. खर्च विम्यातून होतो, तासामागे थोडे पैसे आपण भरायचे. गरोदरपणातच नाव नोंदवून ठेवावं लागतं, आणि पलंगाखाली घालायचे ठोकळे आधीच आणून ठेवावे लागतात. पलंग उंच हवा, म्हणजे आपल्याला तपासताना तिची कंबर दुखू नये. मला हे फार आवडलं. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी उभा जन्म वाकून काम करतात, त्यांच्या कंबरेचा विचार कुणी केला?

ती बाळाचा ताप बघायची, वजन करायची, माझे टाके तपासायची, दूध पाजताना कुशीत कसं घ्यायचं ते दाखवायची आणि जाता जाता बाथरूमही धुवायची. तिसऱ्या दिवशी तिने टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पसरल्या. तिथे मुलगी झाली की हेच वाटतात. चावून बघते तर साखरेच्या कवचात बडीशेपेसारखी चव. म्हणाली, दुधाला चांगली असते. मी उठून आईने पाठवलेली बाळंतशोपांची पुडी तिच्यासमोर ठेवली. दोघी हसत सुटलो.

मग तिचे दिवस संपले. नवऱ्याची एक आठवड्याची पूर्ण पगारी रजा संपली. कमी पगाराचे पाच आठवडे आम्ही पुढे राखून ठेवले होते, हा आमचा मूर्खपणा. बाळ आधी आलं, त्यामुळे आईचं तिकीट अजून अकरा दिवसांनंतरचं. त्या अकरा दिवसांत मला सगळ्यात जास्त कशाची भूक होती सांगू? अंघोळीची. बाळाला झुल्याच्या खुर्चीत बांधून बाथरूमच्या दारात ठेवायचं, पडदा उघडा, एक डोळा तिच्यावर. एकदा ती इतकी कळवळून रडली की केसांना शाम्पू तसाच ठेवून बाहेर आले आणि तासाभराने तो वाळल्याचं लक्षात आलं.

शेजारच्या म्हाताऱ्या तुर्की बाईंनी रडणं ऐकून बेल वाजवली. त्यांना डच अर्धवट येत होतं, मला त्याहून कमी. त्यांनी हात पुढे केले, मी बाळ दिलं. त्यानंतर रोज सकाळी दहाला त्या येत, दहा मिनिटं बाळ धरत आणि जात. आई येईपर्यंत रोज.

दुबई. घर सिडकोत. (बाबा)

आमच्याकडे माणसांची अडचण नव्हती. मुंबईहून विमानाचे तीन तास, आई-बाबा येऊन-जाऊन असतात. आमची वाट लावली कागदांनी.

इथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे आधी जन्मदाखला, मग भारतीय वकिलातीत जन्माची नोंद (ही वर्षाच्या आत करायची असते, पुढे ढकलू नका), मग पासपोर्ट, मग बाळाचा रेसिडेन्स व्हिसा. हे सगळं जन्मापासून १२० दिवसांत, नाहीतर दंड. माझी रजा पाच दिवस. बायकोची ६०, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी.

बारा दिवसांच्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढलाय कुणी? मागे पांढरं, डोळे उघडे, कुणाचा हात दिसता कामा नये. बारा दिवसांचं बाळ डोळे उघडतं ते रात्री तीनला. शेवटी बायको पांढरी चादर पांघरून बसली, तिच्या मांडीवर साहेब, आणि मी समोर किल्ल्या वाजवतोय. शंभरेक फोटोंमधून एक पास झाला. त्यात तो सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांसारखा दिसतो, तसाच वैतागलेला. पासपोर्टवर पाच वर्षं हाच फोटो.

६१ व्या दिवशी बायको ऑफिसला गेली आणि मुलगा पाळणाघरात. त्यावर मला लिहायचं नाही.

डॅलस. सासर-माहेर दोन्ही इंदिरानगर.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही कंपनी पुरेशी मोठी असेल आणि आपली वर्षभर नोकरी झाली असेल तर. त्यामुळे आमच्याकडे खो-खो. पहिले सहा महिने माझी आई, तिची मुदत संपली की सासूबाई. दोघींची विमानं एकाच दिवशी होती. विमानतळावर कॉफीच्या दुकानात दोघी तास-दीड तास भेटल्या. आईने सासूबाईंना वही दिली : कुठल्या कुशीवर झोपतो, कुठल्या ओवीला गप्प होतो, रडला तर आधी पोट बघा. सासूबाईंनी वही पर्समध्ये ठेवली आणि शेवटपर्यंत उघडली नाही. असो.

पण खरं लिहायचंय ते आज्यांबद्दल. आपण "आई आली, सुटले" म्हणतो. सकाळी आठला आम्ही दोघं गाड्या काढून जाणार, संध्याकाळी सहाला येणार. मधले दहा तास एक आजी आणि एक बाळ. आजीला गाडी चालवता येत नाही, बाहेर चालत जावं असं काही नाही, उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास. सासूबाई एकदा म्हणाल्या, "इथं कुत्रंसुद्धा भुंकत नाही गं." मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन त्या खिडकीत उभ्या राहायच्या. ड्रायव्हर हात करायचा. तो त्यांचा आठवड्यातला कार्यक्रम. मला हे कळलं त्या परत गेल्यानंतर, मुलगा दर मंगळवारी खिडकीकडे रांगत जायला लागला तेव्हा.

नाशिकला पोचल्यावर त्या बॅगाही न उघडता पिशवी घेऊन भाजी बाजारात गेल्या, असं सासरे सांगतात.

पंचवटी. लेक श्टुटगार्टला. (आजी)

मी ६७ वर्षांची. फोनमध्ये बोलून लिहिते आहे, शब्द चुकला तर समजून घ्या.

मला जर्मनीचा नव्वद दिवसांचा व्हिसा. त्यात बाळ दहा दिवस उशिरा आलं, म्हणजे ऐंशी उरले. जाताना डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, वेखंड, बाळगुटीची सहाण सगळं नेलं. मोहरीची उशीही शिवून नेली. साजूक तूप मात्र नेता येत नाही, दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून तिकडे नेऊ देत नाहीत. तिथलं लोणी आणून कढवलं. तूप चांगलं होतं हो, उगाच नावं ठेवू नये.

घरी हेबामे यायची. हेबामे म्हणजे तिथली सुईण, पण शिकलेली. पहिल्या दिवशीच तिने उशी काढून टाकली. बाळ उताणंच झोपवायचं, उशी नाही, पांघरूण नाही, पिशवीसारखं झबलं घालायचं, आणि खोली थंड ठेवायची, १८ अंश. नाशिकला त्या थंडीत आम्ही गोधड्या काढतो! टोपडंही घरात नको म्हणाली. मी तीन मुलं वाढवली, नणंदेची दोन सांभाळली, आणि ही तिशीतली पोरगी मला शिकवणार. दोन दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. लेकीला वाटलं मी लाडू करते आहे. मी रुसले होते.

गुटीवरून मग भांडणच झालं. मी मधाचं बोट लावणार होते. डॉक्टरांनी लेकीमार्फत मला नीट सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मधातले जंतू वाढू शकतात, त्यांच्या विषाने अंग लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. कारण सांगितलं की मला पटतं. "आमच्यात असं करत नाहीत" एवढंच म्हटलं की नाही पटत. सहाण तशीच परत आणली, त्यावर आता चंदन उगाळते.

अंघोळीला मात्र मी हटले नाही. नाळ पडून सुकल्यावर बाथरूममध्ये खाली बसले, पाय लांब केले, नडगीवर बाळ पालथं घातलं आणि तेल चोळून घातली अंघोळ. हेबामे दारात उभी. ओरडेल म्हणून लेक घाबरलेली. ती काही बोलली नाही. बाळ तर चोळतानाच पेंगलं. पुढच्या खेपेला ती एका शिकाऊ मुलीला घेऊन आली आणि लेकीला म्हणाली, तुझ्या आईला विचार, हिला दाखवाल का? त्या मुलीला मी पाटावर बसवलं. तिला मांडी घालता येईना.

एस्पो, फिनलंड. घर गंगापूर रोड.

थंडीवरून आठवलं. आमच्याकडे बाळं दुपारची बाहेर झोपवतात, बर्फ असला तरी, बाबागाडीत गुंडाळून. आणि सरकारकडून कपड्यांचा खोका येतो. १९३८ ला गरजूंसाठी सुरू झाला, १९४९ पासून सगळ्यांना. तळाला गादी असते, त्यातच बाळ झोपवता येतं. मी कौतुकाने बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं : "पाळण्याला पैसे पाठवू का?"

आधी डब्लिन, आता पाथर्डी फाटा. (बाबा)

आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मुलगी दहा महिन्यांची. विमानात पाळणा मिळाला, पण पट्टा बांधायचा दिवा लागला की बाळ उचलून मांडीवर घ्यायचं असा नियम. तो दिवा बरोबर तिला झोप लागल्यावर लागायचा.

मुंबईला पहाटे तीनला उतरलो. मामा गाडी घेऊन आले होते. मी कार सीट बांधायला मागचं दार उघडलं, तर पट्टे सीट कव्हरखाली दाबलेले! मामा म्हणतात, अरे मांडीवर घे, तुला मी असाच आणला होता नाशिकला. डब्लिनला सीट बसवल्याशिवाय मी तिला गाडीत कधी ठेवलं नव्हतं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये ब्लेडने कव्हर फाडलं. मामा कसारा घाट संपेपर्यंत बोलले नाहीत. इगतपुरीला चहा पाजला तेव्हा निवळले. कव्हर नवीन होतं, त्यांचंही बरोबर होतं. (आता समृद्धीने घाट टळतो, पण तेव्हा इगतपुरीच्या पुढचा टप्पा सुरू व्हायचा होता.)

लसींचं मात्र आधी बघा. तिकडे गोवराची पहिली लस बारा महिन्यांनी, आपल्याकडे नवव्या महिन्यात. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, तिला दिलीच नव्हती. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही देशांची वेळापत्रकं शेजारी ठेवून अर्धा तास जुळवणी केली. निघण्याआधी महिनाभर तिकडच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, आम्ही ठेवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला वणीला जावळ केलं. सप्तशृंगीच्या पायथ्याशी न्हाव्याने वस्तरा काढला तशी ती किंचाळली, "नो, थँक यू!" न्हावी म्हणाला, "वेलकम."

म्युनिक. माहेर देवळाली कॅम्प.

सगळं वाचलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारीख आहे. आईचा गुडघा बदललाय, ती येऊ शकत नाही, सासूबाई नाहीत. हेबामे अजून मिळाली नाही, नऊ जणींनी नाही म्हटलं. नवऱ्याने दोन महिने रजा टाकलीय. पंचवटीच्या आजी, तुम्हाला विचारू का? ते पायांवर अंघोळ घालणं एकटीला जमेल का?

पंचवटी. (आजी)

बाळा, पायांवर लगेच नको. ओल्या तेलाचं बाळ निसटतं, त्याला सवयीचे हात लागतात. नाळ पडेपर्यंत नुसतं कोमट फडक्याने पुसून घे. मग टबातच घाल. पाणी कोपराने बघायचं, हाताच्या पंजाला गरम कळत नाही. डावा हात मानेखालून घालून त्याचा पलीकडचा दंड धरायचा, म्हणजे सुटत नाही. टॉवेल आधीच उघडून ठेव, मग बाळ उचल. नवऱ्याला शेजारी उभं कर, पण पहिल्या दिवशी त्याच्या हातात देऊ नको, दुसऱ्या दिवशी दे. आणि हेबामेला दहाव्यांदा फोन कर, मी एवढं भांडले तिच्याशी तरी सांगते.

तुझ्या सकाळी दहाला माझे अडीच वाजतात. ती माझी झोपायची वेळ, पण महिनाभर नाही झोपले तर काही बिघडत नाही. व्हिडिओ लाव, मी बघते. आणि रात्री दोनला रडलं तर इकडे साडेसहा, माझा सडा-रांगोळी झालेली असते. नंबर माझ्या लेकीकडून घे.