अनुभव धागा: एकदम आणलेलं मटण-चिकन, त्याचे वाटे आणि फ्रीजर

कृष्णाकाठ (सांगली)
शेजारच्या काकूंकडे आज फ्रोजन चिकनचं मोठं खोकं आलं. ओट्यावर पिशव्या मांडून त्या भाग करत होत्या आणि मला तासगावकडचे आमचे वाटे आठवले. धुळवडीला चार घरं मिळून एक बोकड घ्यायची. आजोबा केळीच्या पानांवर ढीग लावायचे. प्रत्येक ढिगात मांडीचं, बरगडीचं, एखादी नळी, कलेजीचा तुकडा, थोडी चरबी. मग एका पोराला पाठमोरं उभं करायचं, एकानं ढिगावर बोट ठेवून विचारायचं "ह्यो कुणाचा?" पोरगं ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. कुणाची तक्रार नाही.
फ्रीजर आला तरी मी तसेच वाटे घालते. एका जेवणाची एक पिशवी, आणि प्रत्येकीत हाडाचं, मऊ, चरबीचं सगळं थोडं थोडं. तुम्ही कसं करता? लिहा.

माणदेशी
पाठमोरं पोरगं!! आमच्या दहिवडीकडं मीच असायचो ते.
ताई, मी मात्र मिसळत नाही. मान न् नळ्या अळणीला, मांडी सुक्क्याला, खिमा वेगळा. खिमा पिशवीत भरून वरनं लाटणं फिरवायचं, पातळ चपटा. लवकर गोठतो, सुटतो पण लवकर. गोळा ठेवला तर आत बर्फ तसाच राहतो.

मिरजेची सून
पिशवीतली हवा काढा हो आधी. नाहीतर मटण पांढरट कोरडं पडतं. पाण्याच्या पातेल्यात पिशवी हळूहळू बुडवायची, तोंड तेवढं पाण्याबाहेर. पाणीच हवा दाबून काढतं, मग बांधायची. कुकरची शिट्टी झाली, येते.

वाईकर
ताजं कापलेलं थेट फ्रीजरात टाकू नका. आमचे खाटीकमामा सांगतात, रात्रभर खालच्या कप्प्यात राहू दे, मग गोठव. अगदी खरं आहे, नाहीतर चिवट होतं, शिजता शिजत नाही.

कऱ्हाडची लेक (सध्या न्यू जर्सी)
इकडे बोकडाचं मटण बहुतेक गोठलेलंच मिळतं, करवतीनं कापलेलं. हाडाचा चुरा असतो, दोनदा धुवावं लागतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, ओट्यावर नाही. बाहेरून मऊ पडतं, आत दगड. आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला पण फ्रीजरातच, रंग टिकतो. धुळवडीचं वाचून डोळे भरून आले 🥹

कृष्णाकाठ
@कऱ्हाडची लेक, अगं ये की सुट्टीत. माझ्याकडं उतर.

कोरेगावची वहिनी
आमच्याकडे सासूबाईंना चालत नाही, नैवेद्याचं दूध त्याच फ्रीजात असतं. त्यांचं मन राखलं, छोटा वेगळा फ्रीजर पडवीत ठेवला. आता त्याच विचारतात, पोरांसाठी आहे का गं काही 😄

हरिपूर रोड
लाइट गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला डीपफ्रीजर साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.
२०१९ च्या पुरात आमच्याकडे लाइट बंद झाली आणि येण्याची चिन्हं दिसेनात. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी सगळ्यांच्या फ्रीजरातलं गोळा केलं, गच्चीवर शेगडी मांडली आणि एकाच पातेल्यात रस्सा केला. खाली पाणी, वर अख्खी बिल्डिंग पंगतीला. ज्यांचं फ्रीजरात काहीच नव्हतं त्यांनाही तेवढंच वाढलं. त्या मावशींना मी कधी विसरणार नाही.

मिरजेची सून
हरिपूर रोड दादा, काटा आला अंगावर. आम्ही तेव्हा माहेरी होतो.
राहिलंच सांगायचं: एकदा सुटलेलं परत गोठवू नका. उरेल असं वाटलं तर शिजवून ठेवा. आणि कलेजी त्याच दिवशी संपवा, मला तरी ठेवलेली आवडत नाही.

माणदेशी
वहिनी, पडवीतल्या फ्रीजरला स्टॅबिलायझर लावलाय का? आमच्याकडं व्होल्टेज लई वरखाली होतं.

कोरेगावची वहिनी
हो भाऊजी, लावलाय. मिस्त्रीनं भिंतीपासून वीतभर पुढं पण घ्यायला लावला, मागं हवा खेळायला.

वाईकर
उद्या रविवार. कोण कोण वाटा घालणार, हात वर करा 🙋