एआयच्या पहिल्या कोर्सला नेमकं काय लागतं? गणित सुटलेलं असेल तर घ्यावा का?

तापीकाठ:
मी चोपडा तालुक्यातली, जळगावला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सेमिस्टरला 'कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख' हा ऐच्छिक विषय घ्यायचा म्हणतेय. कोर्सचा कागद मिळालाय. चार प्रोग्रामिंग असाइनमेंटचे मिळून 30, मधल्या चाचणीचे 20, प्रोजेक्ट आणि ओरलचे 20, शेवटच्या लेखीचे 30. लेखीत वेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे नुसत्या असाइनमेंटवर निभावणार नाही. आधी काय यायला हवं, तर पायथन, डेटा स्ट्रक्चर आणि प्रोबॅबिलिटी. शेवटी ठळक ओळ आहे: एआयची मदत घेतली तर तसं लिहून द्या, आणि ओरलला स्वतःचा कोड समजावता आला नाही तर त्या असाइनमेंटला शून्य.

डेटा स्ट्रक्चर चांगलं झालंय, पण सीमध्ये. पायथन अजिबात नाही. प्रोबॅबिलिटी बारावीनंतर सुटली. घरी लॅपटॉप नाही, लॅब पाचला बंद होते आणि मला एसटी गाठायची असते. सिनियर म्हणतात विषय स्कोअरिंग आहे, वर्गातले म्हणतात गणितात मार खाशील. कोणी शिकवलाय किंवा पेपर तपासलेत का?

भुसावळकर:
घे बिनधास्त. सुट्टीत एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची साइट) आयआयटी मद्रासच्या दीपक खेमानी सरांची सर्चवरची, म्हणजे उत्तराचा मार्ग शोधायच्या पद्धतींवरची लेक्चर्स बघून ठेव, फुकट आहेत. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. तिथे असाइनमेंटला 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के वजन असतं. पास व्हायला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही लागतात.

पुण्यातला धुळेकर:
भो, हे सर्च, लॉजिक वगैरे आता कंपनीत कोणी विचारत नाही. थेट डीप लर्निंग घे.

अमळनेरची मास्तरीण:
तापीकाठ, हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आणि तपासते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायथनची काळजी सोड. सी येतं ना, मग लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन आणि हीपक्यू (पायथनमधली तयार प्रायॉरिटी क्यू) एवढं पंधरा दिवसांत बसतं. खरी अट डेटा स्ट्रक्चरची आहे. क्यू लावली की बीएफएस (पातळीपातळीने शोध), स्टॅक लावला की डीएफएस (एकाच फांदीत खोलवर शोध), प्रायॉरिटी क्यू लावली की युनिफॉर्म कॉस्ट (कमी खर्चाचा नोड आधी). हे ज्याला दिसलं त्याची पहिली असाइनमेंट अर्धी झाली.

लॅपटॉपचं म्हणशील तर गूगल कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) मोबाइलवरही चालतं, पण तिथे मोठा कोड टाइप करणं जिकिरीचं आहे. त्यापेक्षा घरी वहीवर सोडव आणि लॅबमध्ये फक्त उतरव. मी हे नाइलाज म्हणून सांगत नाहीये. लेखीत अल्गोरिदम हातानेच चालवावा लागतो आणि सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात. ए-स्टार म्हणजे झालेला खर्च आणि पुढचा अंदाज जोडून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधायची पद्धत. तिच्या प्रश्नाला मुलं शेवटचा मार्ग लिहून मोकळी होतात. मला ओपन लिस्ट (अजून तपासायच्या नोडची यादी) बघायची असते: कोणता नोड काढला, तेव्हा जी (इथवरचा खर्च) किती, एच (पुढचा अंदाज) किती, बेरीज किती, कोणाची किंमत नंतर सुधारली. उत्तर बरोबर आणि तक्ता नाही, तर मी निम्मेसुद्धा देत नाही. उलट एखादी बेरीज चुकली पण तक्ता नीट असला, तर एकच मार्क कापते. अल्फा-बीटालाही (खेळाच्या झाडातल्या बिनकामाच्या फांद्या छाटायची पद्धत) तेच. फांदी छाटली तर तिच्याशेजारी अल्फा आणि बीटा किती होते ते लिहायचं.

ह्युरिस्टिक, म्हणजे हा पुढचा अंदाज, समजायला तुझ्याच गावाकडचा नकाशा घे. अमळनेरहून चोपड्याला जायचं तर मध्ये तापी. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर नदीवरून सरळ जातं, गाडीला मात्र पुलाकडे वळावं लागतं. म्हणजे पट्टीचा अंदाज खऱ्या रस्त्यापेक्षा कमीच येणार, जास्त कधीच नाही. अंदाज असा असला की त्याला अॅडमिसिबल म्हणतात आणि म्हणूनच ए-स्टार सर्वांत जवळचा रस्ता चुकवत नाही. ओरलला मी हेच विचारते: तू घेतलेला अंदाज कधी जास्त येऊ शकतो का? का नाही? कोड चॅटजीपीटीने लिहिलेला असला की पोरं इथे गप्प होतात. त्याची मदत घ्यायला माझी ना नाही, पण मग प्रत्येक ओळ का आहे ते सांगता यायला हवं. तुमच्या कागदावरची ती ठळक ओळ मला पटते.

आता गणित. पहिल्या कोर्सला बेजचा नियम आणि कंडिशनल प्रोबॅबिलिटी (एक गोष्ट कळल्यावर दुसरीची शक्यता किती) एवढं पुरतं. सूत्र पाठ करू नकोस, झाडं मोज. समज, केळीच्या बागेत 1000 झाडं आहेत आणि 10 झाडांवर हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) आहे. फोटो बघून रोग सांगणारं एक अॅप त्या 10 पैकी 9 पकडतं, पण 990 निरोगी झाडांपैकी 99 झाडांनाही रोगट म्हणतं. एकूण 108 झाडांवर शिक्का बसला, त्यात खरी रोगट 9. म्हणजे अॅपने रोगट म्हटलेल्या बारा झाडांत खरं रोगट एकच. हे ज्या मुलीला केळी उपटण्याआधी कळेल, तिचं गणित कच्चं आहे असं मी म्हणणार नाही.

धुळेकर, ए-स्टार 1968 चा आहे हे खरं. पण खर्च, अंदाज आणि पुरावा यांचा विचार इथे वहीवर मावेल एवढ्या आकारात शिकता येतो. डीप लर्निंग तिने पुढच्या सेमिस्टरला जरूर घ्यावं.

तापीकाठ:
मॅडम, खूप आभार. विषय घेतेय. एक शंका आहे. प्रोजेक्टला एसटीचा सर्वांत कमी वेळेचा मार्ग शोधायचं डोक्यात आहे. रस्त्याची किंमत मिनिटांत धरली आणि अंदाज म्हणून पट्टीने मोजलेले किलोमीटरच ठेवले, तर चालेल का?

अमळनेरची मास्तरीण:
नाही चालणार, आणि हा प्रश्न ओरलला नक्की येईल. धर, समोर सरळसोट 40 किलोमीटर रस्ता आहे आणि गाडी 80 च्या वेगाने गेली. लागली 30 मिनिटं, तुझा अंदाज म्हणतो 40. खऱ्यापेक्षा जास्त झाला, म्हणजे हमी गेली. सगळ्या गाड्या 60 च्या आतच असतील तर योगायोगाने निभावेल, पण त्या भरवशावर राहू नकोस. अंतराला नकाशावरच्या सर्वांत जास्त वेगाने भाग दे आणि मिनिटं कर. स्टँडवर थांबायचा वेळ अंदाजात घेऊ नकोस, तो खऱ्या किमतीत धर. वेग कोणता घेतलास आणि का, हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिही.