मदत हवी आहे: 'व्हर्टिगो'मधलं ते पत्र

हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) दुसऱ्यांदा पाहिला आणि एका जागी अडकलोय. (न पाहिलेल्यांनी इथेच थांबा, रहस्य फुटेल!)

जूडी नायक स्कॉटीला पत्र लिहून फाडते, तिथेच आपल्याला सगळा डाव कळतो: तो जिच्या प्रेमात पडला होता, ती मॅडलिन म्हणजे सोंग घेतलेली हीच जूडी. स्कॉटीला मात्र जूडीच्या गळ्यात मॅडलिनचा तो हार दिसेपर्यंत पत्ता नाही. सिनेमा एवढा शिल्लक असताना दिग्दर्शकाने पत्ते का उघडले? आधी मला ही सरळ चूक वाटली होती. आता वाटतं, म्हणूनच जूडीचे कपडे, केस मॅडलिनसारखे करायला लावणारा स्कॉटी इतका भेसूर दिसतो. त्याची उंचीची भीती, अपराधगंड सगळं समजतं हो, पण कीव नक्की कुणाची करायची? हिरव्या उजेडातून ती येते, तेव्हा तर माझा पार गोंधळ उडतो. तुम्हाला काय वाटतं?