सोलापूरहून अलिबागला सायकल कशी न्यावी? (आणि वर्गणी कशी मागावी?)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे, वय ४६. जानेवारीत गड्डा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) आटोपला की अलिबाग ते वेंगुर्ला, सागरी रस्त्याने पाच दिवसांची सायकल राईड आहे. गरीब पेशंटच्या डायलिसिससाठी निधी जमवायचा, प्रत्येकाने निदान २५ हजार. बहिणीला दोन वर्षं आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यायचो. दर खेपेला चार तास. बाकावर बसून जीव नको व्हायचा, म्हणून तेवढ्या वेळात सायकल घेऊन बाहेर पडायचो. ती गेली, सायकल राहिली.

एक, सायकल न्यायची कशी? मागे एकदा पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकली, तर वर कुणीतरी कांद्याची गोणी ठेवली. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर वाकला, पहिल्याच चढाला डिरेलर स्पोकमध्ये.

दोन, तुळजापूरचा घाट मी न उतरता चढतो. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असंल की?

तीन, वही घेऊन फिरायलोय. खात्यातल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "सायकल तू मारणार, समुद्राची हवा तू खाणार, पैसे आम्ही का द्यायचे बे?" मला उत्तरच सुचलं नाही ओ.

खोकेबहाद्दर
दादा, मी मूळचा सोलापुरातल्या बाळ्याचा, आता मुंबईत. रेल्वेच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनेच या, रात्री बसलात की सकाळी सीएसएमटी. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची रिकामी खोकी पडलेली असतात, एक मागून घ्या. पुढचं चाक, हँडल, सीट, पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे जॉबरला काय सांगायचं! फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून बसवा, नाहीतर दाबाने पाय आत येतात. आणि डिरेलर हँगरवरून सोडवून, चेनसकट चिंधीत गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. मग वर गोणी पडली तरी हँगरला काही होत नाही. तरी एक जादा हँगर खिशात असू द्या, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत मिळणार नाही.

खोकं पार्सल ऑफिसात त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनला (सामानाच्या डब्याला) बुक करा. दोन तास आधी जा, तिथे घाई केली की माणसं जास्तच हळू होतात. सीएसएमटीबाहेर सायकल जोडा आणि भाऊच्या धक्क्यावर जा, चारेक किलोमीटर. रो-रो बोटीत (गाड्या नेणाऱ्या) सायकल चढते, तासाभरात मांडवा. पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर, तेवढ्यात पाय मोकळे.

सड्यावरची
सपाट? टॉवेलवाले दादा, मी रत्नागिरीची, चहा सांडला माझा.

तुमच्याकडे एक घाट चढला की संपला. आमच्याकडे रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पूल किंवा जेटी, की लगेच सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढतो. वर दोन किलोमीटर वारा खाल्लात की पुन्हा खाडी. असं दिवसभर. चढ लहान, पण उभा. मागचं मोठं चक्र किती दात्यांचं आहे? २८ असेल तर ३४ चं टाका, आणि तुमचा डिरेलर ते ओढतो का ते आधी बघून घ्या.

बोटी चार लागतील: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. एक चुकली की सगळा दिवस मागे सरकतो. पण शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी सोबत असेल तर जेटीवर बसायला मजा आहे. रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल द्या, खारी हवा एका रात्रीत गंज धरवते. आणि तुमच्या कारखान्याचा जाड टॉवेल आणू नका हो, इथे तो पाच दिवसांत वाळायचा नाही. पंचा आणा.

हिशेबी
तुमच्या खात्यातल्या माणसाचा प्रश्न रास्त आहे, मला राग नाही आला. त्याला सांगा, रेल्वे, बोट, राहणं, चक्र, सगळा खर्च माझ्या खिशातून. तुझा रुपया थेट डायलिसिसला. आणि तसंच करा. नाव चॅरिटीचं आणि सहल वर्गणीतून, हे मी पाहिलंय, तिथे लोक एकदाच फसतात.

वहीत रोख घेऊ नका. ज्या ट्रस्टसाठी निधी जमवताय त्याच्या बँक खात्यावर थेट भरायला सांगा, पावती त्यांच्याच नावाची. देणगीवर आयकरात मिळणारी (८०-जी म्हणतात ती) वजावट हवी असेल त्यांना सांगून ठेवा, २००० च्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही. आणि कामगार माणसाकडे एकदम पाचशे मागू नका. किलोमीटरला एक रुपया म्हणा, माणूस रोज फोन करून विचारतो कुठवर आलास.

टॉवेलवाला
सगळ्यांचे आभार. ताई, सपाटवालं वाक्य मागं घेतो. ३४ चं चक्र सांगून ठेवलंय, या रविवारी तुळजापूरचा घाट एकदा नव्हे, चारदा. खोकं मिळालं, बायको म्हणते गड्डा होईपर्यंत ते दिवाणखान्यात चालणार नाही.

बहिणीच्या मशीनवरचा खर्च त्या खात्यातल्याला आज जेवणाच्या सुट्टीत आकड्यात सांगितला. किलोमीटरला एक रुपया कबूल झाला. फक्त अट घातलीय: चढाला उतरून ढकललीस तर तेवढे किलोमीटर कापणार.