गर्दीतले लाईव्ह कार्यक्रम आणि नाकाची अ‍ॅलर्जी: काय तयारी करावी?

नाकपुराण:
पुढच्या महिन्यात बंदिस्त सभागृहात गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे, तिकीट काढून झालंय. अडचण नाकाची. गर्दीत शिरलं की शिंका सुरू, मग नाक चोंदतं आणि निम्मं लक्ष रुमालात. गोळ्या, मास्क, बसायची जागा, ज्याला जे उपयोगी पडलंय ते सांगा. आगाऊ धन्यवाद.

अर्धातबला:
निघायच्या तासभर आधी सेटिरिझिन, अ‍ॅलर्जीची गोळी. विषय संपला.

उंबरठा:
@अर्धातबला, विषयासोबत श्रोताही संपायचा! सेटिरिझिनने बऱ्याच जणांना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने त्या मानाने कमी येते, फक्त ती पाण्याबरोबर घ्यायची. फळांच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. नवी गोळी आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

@नाकपुराण, त्रास नक्की कशाने होतो? धूळ, परागकण ही खरी अ‍ॅलर्जी. शेजारच्याचं अत्तर, सिगारेट, स्टेजवर सोडतात तो धूर (बहुधा ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाण्याचा असतो) हे नाकाला नुसते झोंबतात. झोंबण्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे लांब बसणं हाच उपाय.

सायलेंट_वाचक:
+१. महिना हातात आहे तर गोळीपेक्षा स्टेरॉइड स्प्रेबद्दल डॉक्टरांना विचारा (फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे). रोज मारला तर पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे गेटवर उभं राहून मारण्यात अर्थ नाही. मारायची पद्धतही महत्त्वाची: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या. टोक बाहेरच्या बाजूला हवं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की घोळणा फुटतो. आणि जोरात हुंगू नका, औषध घशात जातं.

अर्धातबला:
बरं, गोळीवाले हरले. पण नाक मोकळं करणारे थेंब? मिनिटांत काम होतं.

सायलेंट_वाचक:
ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ना? एका संध्याकाळपुरते ठीक. सलग ३-५ दिवसांच्या वर गेलात तर थेंबांचा असर उतरला की नाक आणखीच चोंदतं आणि मग ते सुटत नाहीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

नाकपुराण:
धूळ आणि अत्तर दोन्ही दिसतंय. घरी झाडलोट करतानाही शिंका येतात. मग मास्कने भागेल का?

उंबरठा:
धुळीसाठी एन-९५ उत्तम, पण चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. अत्तराचा वास मात्र त्यातूनही येतो. म्हणून आयोजकांना फोन करून विचारा, धूर सोडणार आहेत का, आणि जागा बदलून मिळत असेल तर स्टेजपासून लांब, रांगेच्या टोकाची घ्या. उठून बाहेर जायला कुणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर बॅगेत नाही, खिशात.

चिवडागल्ली:
परत आल्यावर कपडे बदला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाचं थेट अजिबात नको, क्वचित का होईना त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

नाकपुराण:
आयोजकांशी बोलणं झालं. धूर आहे, फक्त उत्तरार्धात. मागची टोकाची जागा द्यायला तयार आहेत. स्प्रेसाठी डॉक्टरांची वेळ घेतोय.