सिट्जेस (स्पेन): ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जावं का?

अनुजा_डब्लिन
नमस्कार मंडळी. सांगलीहून सासू-सासरे ऑगस्टमध्ये येताहेत. आधी बार्सिलोना आणि मग तीन-चार दिवस समुद्रकाठी निवांत, असा बेत आहे. सिट्जेस मनात भरलंय, पण २२ ते २५ ऑगस्टचे हॉटेलांचे दर बघून धडकी भरली. गावाचा उत्सव असतो म्हणे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ते दिवस टाळाच. सासऱ्यांना देवळं, जत्रा, जुने वाडे बघायची भारी हौस. पुळणीवर उन्हात पडून राहणं दोघांनाही जमणार नाही. बीच आणि बार सोडून त्या गावाचं स्वतःचं काही आहे का? सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

मंदार_के
बार्सिलोनाहून एका दिवसात होतं. सांट्स स्टेशनवरून आर-२ सूदची लोकल पकडा, पाऊण तासात पोचता. मुक्काम कशाला? ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

निशिगंधा
अनुजाताई, मी इथेच राहते आणि माझं ठाम मत आहे: टाळू नका, तेच दिवस धरा. दिवसाची फेरी मारून परतणाऱ्यांना हे गाव दिसतच नाही, दिसतात फक्त छत्र्या.

२४ ऑगस्ट म्हणजे गावाचा रक्षक संत, सांत बार्तोमेउ याचा दिवस. २३ तारखेला दुपारी चर्चच्या घंटा आणि गरनाळांनी सुरुवात होते आणि मग गावातले नाचांचे ताफे गल्ल्यागल्ल्यांतून निघतात. राजाराणीचे उंचच्या उंच पुतळे (आत शिरून माणूस ते नाचवतो), मोठ्या डोक्यांचे मुखवटे, गरुड, आग ओकणारा ड्रॅगन (हा १९२२ सालापासूनचा), काठ्यांचा नाच, कमानींचा नाच. सोबतीला ग्राल्या वाजतात. सनईच्या जातीचं वाद्य आहे, पण आवाज जास्त टोकदार, अरुंद गल्लीत तर अंगावर येतो. यातलं कोणीही भाड्याने आणलेलं नसतं. आमच्या गल्लीतला भाजीवाला सैतानांच्या ताफ्यात असतो, हातातल्या दांड्यावर फटाके लावून ठिणग्यांखाली नाचतो. माझी मुलगी काठ्यांचा नाच शिकते. वसंतापासून संध्याकाळी तालीम सुरू झाली की मला अभ्यासाचं नाव काढायची सोय नसते.

२३ च्या रात्री ११ वाजता चर्चच्या टोकावरून, म्हणजे ला पुंतावरून, आतषबाजी होते. पण मला विचाराल तर २४ ची संध्याकाळ सोडू नका. संताची मूर्ती खांद्यावरून गावभर फिरून चर्चच्या पायऱ्यांशी परत येते, तेव्हा सगळे ताफे एकाच वेळी नाचतात, सगळ्या ठिणग्या एकाच वेळी उडतात आणि त्या धुरातून मूर्ती आत जाते. शेजारच्या आजी दरवर्षी रडतात. आता मीही रडते.

सासऱ्यांना वाडे हवेत ना? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथली तरुण मुलं क्यूबा आणि प्वेर्तो रिकोला कमवायला जायची. पैसा करून परतलेल्यांना गावकरी ‘अमेरिकानो’ म्हणत. त्यांनी बांधलेल्या हवेल्या अजून उभ्या आहेत. बाकार्दी रम ज्याची, तो फाकुंदो बाकार्दी इथलाच, त्याने १८६२ मध्ये सांतियागो दे क्यूबात धंदा सुरू केला. काउ फेरात संग्रहालय तर बघाच. सांतियागो रुसिन्योल या चित्रकाराने समुद्राला लागून असलेली कोळ्यांची घरं घेऊन त्यांचं घर-कम-स्टुडिओ केलं. १८९४ साली एल ग्रेको या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची दोन चित्रं त्याने रेल्वे स्टेशनपासून घरापर्यंत मिरवत आणली, देवाच्या मूर्तीसारखी! चार वर्षांनी गावाने वर्गणी काढून एल ग्रेकोचा पुतळा उभारला, तो समुद्रकाठच्या रस्त्यावर आहे.

गावाचा चिवटपणा कळायला आणखी एक सांगते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कार्निव्हलवर बंदी होती. तरी इथल्या लोकांनी रेतिरो आणि प्रादो या दोन जुन्या मंडळांच्या दारांआड तो चालू ठेवला. ती मंडळं आजही आहेत, हिवाळ्यात तिथे नाटकं आणि नाच चालतात. पाहुणे पांगले की गाव आपापसात जगतं ते तिथेच.

अनुजा_डब्लिन
निशिगंधाताई, वाचूनच निघावंसं वाटतंय! पण सासूबाईंचा गुडघा दुखतो आणि ठिणग्यांची भीती वाटते. शिवाय जेवणाचं कसं?

रोहित_बासेल
भीती वाटत असेल तर २३ सप्टेंबरचा विचार करा. त्या दिवशी दुसरी रक्षक संत, सांता तेक्ला हिचा उत्सव असतो. लहान मुलांचे ताफे असतात, गर्दी कमी आणि पाणीही अजून उबदार. आम्ही तेव्हाच गेलो होतो.

निशिगंधा
रोहितचं बरोबर आहे, पण सासू-सासरे ऑगस्टमध्येच आहेत ना. आतषबाजी त्यांना सांत सेबास्तिया बीचवरून दाखवा, चर्चच्या पलीकडची बाजू आहे. मिरवणुकीच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी न थांबता मागे, भिंतीलगत उभं राहायचं. कपडे सुतीच. सासूबाईंची नायलॉनची साडी त्या दिवशी बॅगेतच राहू द्या, ठिणगीने क्षणात भोक पडतं. दुपट्टा डोक्यावर घेतला की झालं. आणि ड्रॅगन वळला की लोक मागे सरकतात, तेव्हा त्यांचा हात सोडू नका.

जेवणात टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे मिळतो. भाजलेली वांगी आणि लाल ढोबळी मिरची, म्हणजे एस्कालिवादा, मागवताना ‘अँचोव्हीशिवाय’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर वर मासा येतो. मनुका आणि पाइन नट घातलेला पालक छान असतो, त्यात हॅम नाही ना तेवढं विचारायचं. गाव शातो नावाच्या सॅलडसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात ट्यूना आणि सुका कॉड असतो, सॉसमध्येही कधी अँचोव्ही वाटतात, तेव्हा ते नकोच. क्रेमा कातालाना या गोड पदार्थात अंडं असतं. ओर्चाता, म्हणजे टायगर नट नावाच्या कंदाचं थंड पेय, मात्र बिनधास्त प्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण, म्हणून दुपारी दोनला पोटभर जेवून घ्या.

सासऱ्यांना वाइन चालत असेल तर इथल्या जुन्या इस्पितळाची मालवासिया द्या. १९३५ साली एका राजनैतिक अधिकाऱ्याने द्राक्षमळे जपण्याच्या अटीवर आपली मालमत्ता इस्पितळाला दिली, म्हणून ती द्राक्षांची जात टिकली. घोटभरच घ्यायची, गोड असते.

खोली घेताना काप दे ला विला चौकाच्या आसपासची घेऊ नका. २४ ला पहाटेपासून ग्राल्यावाले खिडकीखालून जातात, तुम्हाला आवडेल पण सासूबाईंची झोप जाईल. स्टेशनच्या बाजूची बघा, तिथून समुद्र चालत दहा-बारा मिनिटं. आजच बुक करा. जूनपर्यंत थांबलात तर काही उरणार नाही.