स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावाची नोंद कशी लिहावी?

फोंडेकर:
शाळेच्या वार्षिकांकासाठी स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेलवर दोन पानांची नोंद हवी आहे: भूगोल, इतिहास, लोकसंख्या. गावाला नगरपालिका म्हणावं की पंचायत? तिथली सामायिक कुरणं म्हणजे आपली गोव्यातली कोमुनिदादच का, म्हणजे जुन्या घराण्यांनी गावची जमीन सामायिक सांभाळायची संस्था? आणि लोकसंख्येचे आकडे जागोजागी वेगळे का?

म्हापशेकर:
नगरपालिका नको. तिथे स्थानिक कारभाराच्या सगळ्यात लहान घटकाला गेमाइंडे म्हणतात. वस्ती पाचशे असो वा लाख, शब्द तोच. ट्योर्बेलला पाचशेच्या आसपास माणसं, तेव्हा पंचायत म्हटलेलं शोभेल.

कोमुनिदादच्या बाबतीत मात्र जपून. तिथे दोन संस्था शेजारी शेजारी असतात. सगळ्या रहिवाशांची गेमाइंडे ही आपली पंचायत. जुन्या घराण्यांची, रान आणि डोंगरकुरणं सांभाळणारी बुर्गरगेमाइंडे ही गावकरीच्या (कोमुनिदादचं जुनं नाव) जवळची. गावात राहणारा पंचायतीला मत देतो, पण जोण (कोमुनिदादच्या उत्पन्नातला वाटा) गावकारालाच, म्हणजे जुन्या घराण्यातल्यालाच मिळतो, तसंच हे. ट्योर्बेलकरांनी १४८३ साली कुरण, रान आणि पडीक जमिनीच्या वापराचे नियम लिहून ठेवले. बाहेरच्याने गावात जमीन घेतली तरी कुरणावर हक्क मिळत नसे. १५१७ चा नियम तर नोंदीत हवाच: हिवाळाभर जेवढ्या गाई स्वतःच्या गवतावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात कुरणावर न्यायच्या. त्यामुळे बाहेरून गुरं आणून कुरण ओरबाडायची सोय उरली नाही, आणि मोजणीही सोपी झाली.

फरकही लिहा. तिथे शेतं आणि हिवाळ्यासाठी गवत कापायचे तुकडे खाजगी, सामायिक फक्त वरची चराई आणि रान. आपल्याकडे भातशेतीच कोमुनिदादची असायची. पावणीने (लिलावाने) कसायला द्यायची, बांधाचा, देवळाचा खर्च वजा करून उरेल त्यातून जोण. कारण जमिनीतच आहे. खाजन शेताच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या) बांधाला एका जागी खांवटें (भगदाड) पडलं की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, म्हणून बांध आणि मानस (पाण्याचं दार) एकट्याने सांभाळायची गोष्ट नव्हे. आल्प्सच्या वरच्या चराईत गवत विरळ, आज इथे तर उद्या तिथे. तुकडे पाडून कुंपण घालणं परवडत नाही.

दिवचलकार:
लोकसंख्येत गोंधळ होतो तो असा. पहिली संघीय जनगणना १८५० ची. पुढे दर दहा वर्षांनी, पण १८९० ऐवजी १८८८ आणि १९४० ऐवजी १९४१. दशकांचे आकडे सरळ रांगेत मांडले की वाढीचा दर चुकतो. २००० नंतर घरोघरी मोजणी बंद. २०१० पासून रहिवासी-नोंदवहीतून ३१ डिसेंबरचा आकडा काढतात. सुट्टीपुरतं घर घेतलेले त्यात धरत नाहीत. म्हणून आकड्याशेजारी साल आणि व्याख्या, दोन्ही लिहा.

आणखी एक: स्विस पासपोर्टवर जन्मस्थान नसतं, मूळगाव असतं. मूळगाव ट्योर्बेल असलेला माणूस झुरिकमध्ये राहत असेल. त्याला गावच्या लोकसंख्येत धरू नका. गाव विलीन तर झालेलं नाही ना, हेही आधी पाहा. उदाहरणार्थ, दहा-बारा माणसांचं कोरिप्पो गाव १८ ऑक्टोबर २०२० ला नव्या वेर्झास्का गेमाइंडेत गेलं. जुन्या लेखांत ते अजून स्वतंत्र दिसतं.

मडगावकर:
इतिहासात '१४८३ साली स्वित्झर्लंडमध्ये' असं लिहू नका. हा भाग वालिस प्रांताचा, आणि वालिस १८१५ ला स्विस संघात आलं. फोंड्याच्या गावाबद्दल '१५१० पासून पोर्तुगीज' लिहिणं जेवढं चूक (फोंडा त्यांच्याकडे बराच नंतर गेला), तेवढंच हे.

भूगोलात गावाची उंची द्या, सुमारे १,५०० मीटर. अख्ख्या गेमाइंडेची सरासरी नको, कारण चराई बरीच वर जाते. आणि आल्प्स म्हटलं की भरपूर पाऊस असं गृहीत धरू नका. दोन्ही बाजूंचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे जवळच्या फिस्प शहराच्या परिसरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे ३,००० च्या घरात. म्हणूनच तिथे उतारावरून पाट काढून शेताला पाणी देतात; त्यांना सुओनेन म्हणतात. त्या पाण्याच्या पाळ्यांना वेगळा परिच्छेद द्या, बाब. आपल्याकडे पाणी अडवायला माणसं एकत्र आली, तिथे पाणी आणायला.